तिकडल्या शिवारावरची हरकत

साऱ्या भोर तालुक्यात परक्या देशाच्या कायद्यावर रीतसर हरकत घेतलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलत सासरा म्हणून आला. उत्रोलीत आमची घरं एकमेकांना लागून. मी सकाळी भोरच्या शाळेत शिकवायला निघते तेव्हा मामंजी ओट्यावर असतात, परतते तेव्हाही तिथंच. त्यांची नोकरी कोतवालाची, म्हणजे तलाठ्याच्या नोटिसा गावोगाव पोचवायची. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांच्या जिभेवरचं सरकारी दप्तर काही निवृत्त झालं नाही. कुणी नव्या मोटरसायकलचे पेढे आणले की तोंडात टाकायच्या आधी विचारणार, "बोजा हाय का हिच्यावर?" माझ्या मुलीच्या बारशाला आले, पाळण्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "झ्याक. वारस लागला."

नोटिशीवर त्यांची जेवढी श्रद्धा आहे तेवढी देवावरही नसेल. एकदा वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या वाडीवर नोटीस घेऊन गेले, तर घरधनी शेळ्या घेऊन रानात. दुसरा कोणी दाराला कागद चिकटवून उतरला असता. हे दिवस मावळेपर्यंत दारात बसून राहिले. "मानूस येईपत्तुर बसायचं. दाराला काय कळतंय?" ही गोष्ट मी त्यांच्याकडून निदान चाळीस वेळा ऐकली आहे, आणि दर खेपेला ती वाडी थोडी आणखी उंचावर गेलेली असते. चुलत सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा रेशनकार्डावरचं आईचं नाव कमी करायला फॉर्म घेऊन बसला. मामंजींनी त्याच फॉर्मवर अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहिलं, "माझी हरकत आहे." कारण विचारलं तर म्हणाले, "सुनावनीत सांगीन." नाव अजून कार्डावर आहे. तांदूळ मात्र ते एकाचाच आणतात.

मुलगा एकुलता एक, दुबईत. तिथं कितीही राबलं तरी माणूस पाहुणाच, म्हणून त्याने किकवीची हायवेकडची जमीन विकली आणि युरोपातल्या एका समुद्रकाठच्या देशात पैसे गुंतवले. गुंतवणूक केली की तो देश राहायचा परवाना देतो. वर्षाला थोडे दिवस तिथं हजेरी लावायची आणि पाच वर्षांनी नागरिकत्व मागायचं. तो पासपोर्ट आला, पोरांची शिक्षणं मार्गी लागली, की नोकरी सोडून गावी येतो, असं त्याने वडिलांना कबूल केलं होतं. घरी यायला आधी परदेशी व्हायचं, हे माझ्या डोक्यात काही शिरेना. मामंजींच्या मात्र लगेच शिरलं. "आगं, कूळच की! सातबाऱ्यावर आदी नाव इतर हक्कात. पाच वर्सं वहिवाट दावली की कब्जेदारात."

त्या देशाचं नाव जिभेवर बसेना, म्हणून ते झालं 'तिकडलं शिवार'. आधी तिथं घर घ्यायचं चाललं होतं. तेवढ्यात तिकडच्या सरकारने घरावर परवाना देणं बंद केलं, आणि पैसे फंडात गेले. तेव्हा मामंजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. "फंडाला बांध कुठं असतो गं सूनबाई?" वर्षात आठ दिवस जाऊन वहिवाट कशी होते, हेही त्यांना पटेना. फोनवर मुलाला सांगायचे, "तितं गेलास की चार रोपं लावून येत जा. मानसं बघत्यात." दर सुगीला ते इंद्रायणी तांदळाचं एक पोतं मुलासाठी बाजूला ठेवतात. पुढच्या सुगीला ते जुनं पोतं स्वतः खातात आणि नवं बाजूला ठेवतात. अशी चार पोती झाली.

मग तिकडे कायदा बदलला. पाचाची दहा वर्षं झाली, आणि आधी पैसे घातलेल्यांनाही सूट नाही. मुलाने व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तेव्हा मी तिथंच होते.

"नोटीस कदी आली?" मामंजींनी विचारलं.

"अण्णा, नोटीस नसते ओ. त्यांच्या संसदेत पास झालंय."

"नोटीस न्हाई, चावडीवर कागद न्हाई, आन फेरफार मंजूर? आसं कसं?"

फोन बंद झाल्यावर मामंजी माझ्याकडे वळले. "सूनबाई, दहा पुरी हुतील तवा म्या किती वर्साचा?" मी शाळेत गणितच शिकवते. मी म्हटलं, "चहा टाकते, मामंजी."

तिसऱ्या दिवशी ते कोर्ट फीचा स्टँप लावलेला अर्ज घेऊन आले. त्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीचा पत्ता मी घालावा एवढंच काम होतं. विषय होता, 'मौजे तिकडलं शिवार येथील मुदतवाढीस हरकत'. मी पदराआड हसायची तयारी करूनच वाचायला घेतला. खाली लिहिलं होतं, "अर्जदाराचे वय सत्त्याहत्तर असून दहा वर्षे टिकण्याची खात्री देता येत नाही. मुलगा घरी येण्याचे ठरले आहे. तरी जुनीच मुदत कायम ठेवावी." हसू कुठल्या कुठे गेलं. मी मुकाट्याने पत्ता घातला आणि भोरच्या पोस्टातून पोचपावती लावून तो कागद पाठवला.

पोचपावती शिक्क्यासकट परत आली आणि मामंजींच्या चेहऱ्यावर तेज आलं. "हरकत दाखल झाली. आता सुनावनी हुईस्तवर जुनं त्येच चालू." मुलालाही त्यांनी तसंच कळवलं. तो म्हणाला, "बरं अण्णा." पाचवं पोतंही यंदा बाजूला ठेवलं गेलं.

आता मी शाळेतून आले की ते विचारतात, "टपाल?" मी म्हणते, "नाही आलं मामंजी. चला, आमच्याकडे जेवायला." ते हलत नाहीत. "म्या आत ऱ्हायलो, तर कागद दाराला चिकटवून जायाचा." पोस्टमन दुपारीच येऊन गेलेला असतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. मी ताट ओट्यावरच आणते आणि त्यांच्याशेजारी टेकते. रस्त्याने भोरची शेवटची एसटी येते, दोन-चार माणसं उतरतात, आपापल्या घरी जातात. मामंजी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे निरखून बघतात. मीही बघते. माणूस येईपर्यंत बसायचं असतं.