उरेल त्या चौकोनात

हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या ड्यूटीचे तक्ते मी एकोणीस वर्षं बनवतोय, आणि त्याचा मला भयंकर माज आहे. त्यामुळे माझी बायको कायद्याच्या प्रवेश परीक्षेतल्या तर्काच्या कोड्यांपाशी अडली, तेव्हा मी बाह्या सरसावूनच पुढे झालो. तीही आमच्याच हॉस्पिटलात नर्स. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती.

"अगं, सहा माणसं सहा दिवसांत बसवायची, एवढंच ना? हे मी चहा पिता पिता करतो," म्हणत मी सहा चौकोन आखले. "क च्या लगेच नंतर ख, तर दोघांना जोडूनच लिही. ग ला मंगळवार नको, तर त्या चौकोनाखाली ग लिहून काट मार. ज्याला जास्त नियम, तो आधी बसव. ज्याला एकही नियम नाही त्याच्याभोवती गोल कर. तो शेवटी, उरेल त्या चौकोनात."

ती भराभर शिकली. महिन्याभरात माझ्याच चुका काढायला लागली. "अहो, प्रश्नात नाहीत ते नियम तुम्ही मनानेच घालता," म्हणायची. अनुभव म्हणतात त्याला, असं मी ठणकावून सांगायचो.

परीक्षा रविवारी सकाळी होती. गुरुवारी कामावरून येऊन तिने नव्या तक्त्याचा फोटो माझ्यापुढे धरला. रविवार, सकाळपाळी, तिचंच नाव. आणि लावणारा मी.

चूक उघड माझीच होती. तरी तोंड गप्प बसेल तर शपथ. "रजेचा अर्ज का नाही दिलास?"

"तुम्हाला माहीत होतं म्हणून."

मी कागद ओढला. तिच्या वॉर्डातल्या सहाही जणी लिहिल्या. पाच जणींच्या अटी मला तोंडपाठ होत्या. हिच्या नावाभोवती सवयीने गोल केला. ते तिने पाहिलं. तासभर खोडाखोड केली, कागदाला भोक पडलं. "बसत नाही गं," मी म्हणालो, आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तिने पेन्सिल घेतली. "थोरल्या सिस्टरना रविवार नको, हे कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. मुलगा लहान होता ना."

"तो नोकरीला लागला. आणि या धाकट्या सिस्टरला सकाळ नको?"

"तसं बोलली नाही, पण तोंड वाकडं करते."

"तोंड वाकडं करणं हा नियम नाही," म्हणून तिने ती अट खोडली आणि थोरल्या सिस्टरना फोन लावला. "येते की रविवारी," त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही इतक्या वर्षांत." माझं एका तासाचं कोडं चार मिनिटांत सुटलं.

तिला प्रवेश मिळाला. कॉलेजच्या वेळा हातात आल्यावर मी नवा तक्ता घेऊन साळसूदपणे तिच्यासमोर बसलो.

"बोल, तुला कुठली पाळी नको?"

तिने तक्ता स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "रात्रपाळी. पहिल्या दिवसापासून नको होती."