बारा इंच लाल फीत

कारखान्यात तिला सगळे मास्तर म्हणत. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या लांबलचक खोलीत चौदा बायका मशीनवर बसत आणि ती एकटी उभी असे, कापणीच्या टेबलाशी. कापडाचे चाळीस थर अंथरून ती वर खडूची रेघ मारी आणि पातं त्या रेघेवरून असं नेई की सर्वांत खालची बाही सर्वांत वरच्या बाहीची जुळी बहीण वाटावी. अकरा वर्षांत तिच्या हातून कापडाचा एकही ताका वाया गेला नव्हता. हे ती स्वतः सांगत नसे. मशीनवरच्या बायका सांगत, आणि ती नाही म्हणत नसे.

आठवा महिना लागला तेव्हा तिने टेबल सोडलं. हे दुसरं बाळंतपण. पोटाखाली, जिथे कमरेची दोन हाडं पुढे येऊन एकमेकांना भेटतात, तिथला सांधा सैल झाला होता. जिना ती आडवी होऊन चढे, एकेक पायरी. कूस बदलायची तर आधी गुडघे जुळवायचे, श्वास धरायचा, मग सगळं अंग फळीसारखं वळवायचं. एका पायावर उभं राहणं बंद. कपडेही बसूनच घालायचे. बगळ्याचं काम बगळ्यालाच करू दे, असं ती नवऱ्याला म्हणे.

पहिल्या वेळी कमरेत इंजेक्शन देऊन कळा बधिर केल्या होत्या. कमरेखालचं अंग तिचं उरलंच नव्हतं. कुणीतरी शेजारी सामान ठेवून जावं तसं ते पडून होतं. दोन नर्सनी दोन बाजूंनी पाय धरले आणि हवे तेवढे फाकवले. दुखलं नाही. ती तर नर्सशी थट्टा करत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरायला गेली आणि उतरता येईना. सांधा नको तेवढा ताणला गेला होता; पुढचे सात महिने वॉकर. मुलगी रडली की सासूबाई तिला उचलून आणत, आईच्या मांडीवर ठेवत, दूध पिऊन झालं की पुन्हा उचलून नेत. मुलगी आता चार वर्षांची होती आणि पडली-झडली की अजूनही आजीकडेच धावे.

या खेपेला रक्तदाब चढू लागला. डॉक्टरबाईंनी सांगून टाकलं की सदतीस आठवडे भरले की वाट बघायची नाही, कळा आणायच्या. आणि कमरेतलं इंजेक्शनही घ्यायचं, दाबासाठी ते बरं. मास्तरने मान डोलावली. इंजेक्शनाशी तिचं भांडण नव्हतं. तिची भीती निराळी होती. थांबा म्हणणारं दुखणंच झोपलं, तर थांबा म्हणणार कोण?

प्रसूतीच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनी उपाय सांगितला. घरी उताणं निजायचं, गुडघे दुमडायचे आणि न दुखता ते एकमेकांपासून किती लांब जातात ते मोजून आणायचं. मोजायचं म्हटल्यावर मास्तरच्या चेहऱ्यावर तरतरी आली.

सासूबाईंनी टेप धरला. "जन्मभर लोकांची मापं काढलीस," त्या म्हणाल्या, "आता कळू दे कसं वाटतं ते."

तेरा इंच. चौदाव्याला सांध्यात कुणीतरी पाचर ठोकली. मास्तरने कारखान्यातून आणलेली लाल फीत घेतली, कापली, घडी करून पर्समध्ये ठेवली.

तपासणीच्या दिवशी सिस्टरनी ती फीत तिच्या गुडघ्यांमध्ये ताणली, आणि मास्तरचा ओठ दाताखाली गेला. सिस्टर थांबल्या. टेप आणून त्यांनी फीत मोजली. चौदा भरली.

क्षणभर तिला उमगेना. मग उमगलं. कात्रीने सवयीप्रमाणे इंचभर माया सोडली होती, शिवणीत दाबायला, अकरा वर्षं प्रत्येक तुकड्याला सोडत आली तशी. डोळ्यांनी तेरा पाहिले होते. हाताने आपलंच खरं केलं. परक्या हातांची तिने चार वर्षं धास्ती बाळगली होती, आणि घात करायला निघाला होता तो तिचा स्वतःचा हात.

सिस्टर हसल्या नाहीत. कापड पुढे कमी पडू नये म्हणून तुम्ही जास्त धरता ना, त्या म्हणाल्या. इथे उलटं करायचं, दुखायच्या आधीच थांबायचं. त्यांनी कात्री तिच्याच हातात दिली. मास्तरने दोन इंच कापले. बारा. दोनदा मोजले.

मग डॉक्टरबाईंच्या टेबलावर कागद तयार झाला. कुशीवर निजून बाळंत व्हायचं. पाय उंच आधारांवर चढवायचे नाहीत. हलवायचे तर दोन्ही एकदम. फीत नवऱ्याकडे, गुडघे तिच्याहून लांब जाऊ नयेत म्हणून मधे धरायला. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसाला वीस शब्दांत भागवणारा माणूस. त्याने फीत खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "आणि बाळ अडकलं तर?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. उत्तर तिने बऱ्याच दुपारी आढ्याकडे बघत जुळवलं होतं.

"तर फीत फेकून द्या," ती म्हणाली. "मला विचारायलाही थांबू नका. पण बाळासाठी हं. सोयीसाठी नाही."

डॉक्टरबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

ठरल्या दिवशी सकाळी कळा आणल्या आणि दुपारपर्यंत कंबर पुन्हा परकी झाली. दोन वाजता नर्सची पाळी बदलली. नव्या नर्सने कागद वाचला नव्हता. जरा मोकळं होऊ दे, असं मायेने म्हणत तिने वरचा पाय उचलला. मास्तरला काहीच जाणवलं नाही. दिसलं एवढंच, की दोन गुडघ्यांमधली लाल रेघ नवऱ्याच्या बोटांत ताठ झाली.

"थांबा," तो म्हणाला. "बारा झाले."

नर्सने फितीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पलंगाच्या पायथ्याचा कागद वाचला. पाय खाली आला, मधे उशी आली. तासाभराने मुलगा झाला. दाब आवाक्यात राहिला. फीत फेकावी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरने गुडघे जुळवले, फळीसारखी वळली आणि दोन्ही पाय एकदम खाली सोडले. फरशी गार होती. सांधा दुखला, पण आठवा महिना लागल्यापासून दुखत होता तेवढाच, वर एक कणही नाही. पाळणा चार पावलांवर होता. बाळ कुरकुरलं तशा सासूबाई उठल्या.

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "मी घेते."

ती गेली, एकेक पाऊल मोजून, आणि तिने त्याला उचललं. सासूबाईंचे पुढे झालेले हात क्षणभर तसेच राहिले. मग त्या खाली बसल्या आणि ते हात त्यांनी आपल्या मांडीवर ठेवले.