एक चेहरा, दोन कंपन्या

सेवेत असताना खुनाचे, दरोड्याचे पुष्कळ तपास केले. पण निवृत्तीनंतर मन पुन्हा पुन्हा वळतं ते आसगावकडच्या एका चौकशीकडे. तिथे ना हत्यार होतं, ना घटनास्थळ.

मी तेव्हा भंडाऱ्याला सायबर विभागात निरीक्षक होतो. परराज्यातल्या पोलिसांकडून निरोप आला. तिथल्या एका निवृत्त शिक्षकाला गुंतवणुकीच्या नावाखाली लुबाडलं होतं. पैसे गेले होते युरोपातल्या एका छोट्या देशातल्या मर्यादित कंपनीकडे, आणि त्या कंपनीची एकमेव संचालक आमच्या जिल्ह्यातली मुलगी होती. अटकेसाठी त्यांचं पथक निघालं होतं.

स्टेशन डायरीला नोंद केली, महिला अंमलदाराला सोबत घेतलं आणि पथक पोहोचायच्या आत तिचं घर गाठलं. बाप डोंग्यातून, म्हणजे छोट्या नावेतून, तलावात मासेमारी करणारा. तो दारातच आडवा उभा राहिला.

"साहेब, पोरगी त नागपूरच्या पुढं गेली नाई. विदेशात कंपनी कशी काढन?"

मलाही तेच कोडं होतं. पण मुलगी पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "काढली आहे सर. पण तुम्ही सांगता ती नाही."

ती मुलांच्या मोबाईल खेळांसाठी चित्रं काढायची. परदेशातले ग्राहक तिकडच्या कंपनीशी सहज व्यवहार करतात, म्हणून भंडाऱ्यातल्या एका एजंटाकडून तिने कंपनी काढली होती. घरबसल्या.

"मर्यादित म्हणजे काय?" मी विचारलं.

"कंपनी बुडाली तर तिच्यात टाकलेलं भांडवल जाते. बाबाचा डोंगा कोणी नेत नाही."

फसवणुकीच्या गुन्ह्यात मात्र ही ढाल चालत नाही, हे मी तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मग मी तिला नोंदणीची सगळी रीत सुरुवातीपासून सांगायला लावली. पासपोर्ट दिला, नाव निवडलं, तिकडचा पत्ता एजंटाने मिळवून दिला. शेवटी मोबाईलसमोर बसून व्हिडिओत चेहरा डावीकडे, उजवीकडे फिरवायचा, म्हणजे माणूस खरा आहे हे तिकडे कळतं.

"हे किती वेळा केलं?"

"दोनदा. पहिल्या दिवशी नेट गेलं म्हणाला, म्हणून दुसऱ्या दिवशी परत."

त्या देशाची कंपन्यांची नोंदवही कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. तिच्याच संगणकावर तिचं नाव शोधलं. दोन कंपन्या निघाल्या, एकीची नोंदणी पहिल्या दिवसाची, दुसरीची दुसऱ्या दिवसाची. दुसरी तीच, शिक्षकाचे पैसे गेलेली. ते पाहून ती खुर्चीतून उठलीच. "ही मी काढलीच नाही सर."

एजंटाला नोटीस देऊन बोलावलं. तिशीतला, गोड बोलणारा. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. परदेशात कंपनी कशी काढतात ते समजावून सांगा, म्हटलं. शिकवायला मिळालं की माणूस सैल होतो. त्याने रंगून सगळं सांगितलं.

"एकाच चेहऱ्याच्या व्हिडिओवर दोन कंपन्या निघतात का?"

"नाही सर. कंपनी नवीन, त व्हिडिओ नवीन."

"आणि व्हिडिओ अर्धवट राहिला तर?"

"मग नोंदणीच होत नाही."

मी नोंदवही उघडलेला संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. "पहिल्या दिवशी नेट गेलं होतं ना? मग तिची कंपनी त्याच दिवशी नोंदली कशी गेली?"

त्याने पाणी मागितलं. ग्लास संपवला आणि मग बोलायला लागला. पहिल्याच दिवशी तिचा व्हिडिओ पूर्ण झाला होता; दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओवर काढलेली कंपनी त्याने एका टोळीला विकली होती. ते पथक आलं आणि मुलीऐवजी त्याला घेऊन गेलं. मुलीचा साक्षीदार म्हणून जबाब झाला.

हे सांगायला मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा बापाने विचारलं, "आता हिची कंपनी बंद करा लागन काय?"

"कायले? दुसरी बंद होईल. पहिली तिचीच आहे."

तो लेकीकडे वळून म्हणाला, "काय काय काढतं व तू? दाखव मले." तिने संगणक त्याच्यासमोर सरकवला.

गुन्हा कोणी केला, हे विचारायची आम्हा पोलिसांना घाई असते. ही गोष्ट घडते कशी, हे आधी विचारावं, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याच्याकडून विद्यार्थ्यासारखं ऐकावं, हे या प्रकरणाने मला शिकवलं. घाई केली असती, तर एका निरपराध मुलीला मीच गाडीत बसवून दिलं असतं.