हेल्गाबाईंचं रिकामं ताट

माझी नात श्वेता जर्मनीला शिकायला गेली, तेव्हा तिला चहाच्या पलीकडे काही करता येत नव्हतं. मिक्सर बिघडला तर पोरगी तो उघडून दुरुस्त करेल, पण त्यात चटणी वाट म्हटलं की लागली स्कूटीची किल्ली शोधायला. डोक्यानं मात्र तल्लख. आमच्या बेसा गावाहून रोज शहरातल्या कॉलेजात जाऊन इंजिनियर झाली आणि एक दिवस म्हणाली, घाण पाणी साफ करायचं पुढचं शिक्षण तिकडे चांगलं मिळतं.

"घाण पाणी आपल्या नागनदीत काय कमी हाये वं?" मी विचारलं. "त्याच्यासाठी इतक्या दूर काहून जाते?"

"तेच साफ करायले परत येईन ना आजी."

तिचा बाप धम्मदीप, माझा लेक, वाडीला गोदामात सुपरवायझर आहे. सामान बांधण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. त्यानं तिची बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली. पण भिवापुरी मिरचीचं तिखट आणि काळा मसाला मी बॅगेतून हलू दिला नाही.

"स्वयंपाक येत नाही हिले, अन् मसाला कायले पाहिजे?" तो म्हणाला.

"भूक लागली की येते," मी म्हटलं.

पंधरा दिवस ब्रेड खाऊन झाल्यावर स्वयंपाक आलाच. मी इकडून फोनवर सांगायची, ती तिकडे करायची. खोली होती हेल्गाबाईंच्या घरात. बाई ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. वरची खोली श्वेताची, खालचं स्वयंपाकघर दोघींचं. तिथले कायदे श्वेता मला ऐकवायची. कचऱ्याचे चार डबे, चार रंगांचे. रविवारी आवाज करायचा नाही, म्हणजे मिक्सरही बंद. जिन्यात कोणी भेटलं तर ओळख असो नसो, नमस्कार करायचा. हे शेवटचं मला आवडलं.

महिनाभर ठीक चाललं. मग एक दिवस श्वेतानं मिरचीची फोडणी घातली. छताला लावलेली धुराची डबी बोंबलायला लागली, हेल्गाबाई खोकत खोकत अंगणात गेल्या, तिथं थंडीनं कुडकुडल्या. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, महिनाअखेरपर्यंत बघते. नाही जमलं तर या स्वयंपाकघरात गरम काही शिजवायचं नाही. ब्रेड, चीज, सफरचंद. नाहीतर दुसरी खोली बघ.

तिकडे खोल्या मिळत नाहीत म्हणे. पोरगी फोनवर रडायला लागली.

"आजी, मी परत येऊन राहिली. बस झालं. माह्याच्यानं थंडा ब्रेड खाऊन अभ्यास होत नाही."

"थांब वं," मी म्हटलं. "त्या बाईले जेवायले बोलाव. तुह्या हातचं खाऊ दे. खाल्ल्यावर कोणी फोडणीले नाव ठेवत नाही."

पाटोडीचा रस्सा ठरला. बेसनाच्या वड्या, वर झणझणीत रस्सा, तेलाची तर्री. आठ दिवस आमची तालीम चालली. पहिल्या वेळी वड्यांचं पिठलं झालं, दुसऱ्या वेळी वड्या अशा झाल्या की फेकून मारल्या तर लागतील. तिसऱ्यांदा जमल्या. फोडणी तिनं खिडकी उघडून, दार लावून, डोक्याला टॉवेल गुंडाळून घातली. डबी गप्प बसली.

रविवारी त्यांची दुपार, आमची संध्याकाळ. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला. मला हेल्गाबाईंचं ताट दिसत होतं आणि हनुवटीपर्यंत बाई. श्वेताला मी आधीच बजावलं होतं, "पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं नाही पाहिजे. मांगतपर्यंत थांबू नको. वाढत राहजो."

बाईंनी पहिलं ताट चाटूनपुसून साफ केलं.

"वाढ वं! रिकामं दिसून राहिलं!" मी इकडून ओरडले.

श्वेतानं वाढलं. बाईंनी तेही संपवलं. पोळीच्या तुकड्यानं ताट असं पुसलं की घासायची गरज नाही. मला तर भरून आलं. इकडे माझ्या सुना वड्या मोजून दोन खातात, अन् ही परदेशी बाई बघा!

"अजून वाढ! आवडलं तिले!"

तिसरं ताटही गेलं. मधेमधे एक रुमाल ताटावरून कपाळाकडे जायचा. मग बाई हळूच उठल्या, दोन शब्द बोलल्या, आपल्या खोलीत गेल्या. संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराला एक चिठ्ठी चिकटवलेली. श्वेतानं मला फोन लावला आणि चिठ्ठी समोर धरली.

"वाच ना, काहून थांबली?"

"आजी, लिहिलंय... तुझ्या आजीला विचार, त्यांच्या घरी पाहुण्याला किती ताटं खावी लागतात? मी तीन खाल्ली. चौथं आलं असतं तर डॉक्टरला बोलवावं लागलं असतं. वाढलेलं टाकून उठणं म्हणजे करणाऱ्याचा अपमान, असं माझ्या आईनं महायुद्धानंतरच्या उपासमारीत शिकवलं."

"अन् किचनचं?"

"किचनचं काहीच नाही लिहिलं."

"माय वं!" मी म्हटलं. इकडे रिकामं ताट म्हणजे माझी लाज, तिकडे उरलेलं ताट म्हणजे तिची लाज. दोघी म्हाताऱ्या आपापली लाज राखत होतो आणि मधे पोरगी रस्सा ओतत होती.

"त्यांले फोनवर बोलाव," मी म्हटलं. "चुकी माही हाये, मीच बोलतो."

हेल्गाबाई आल्या. या वेळी पूर्ण चेहरा दिसला. गोरापान, चष्म्याआड डोळे मिचमिचे.

"बाई, पोरीले किचनातून काढू नका," मी म्हटलं. "मी मूर्ख. आमच्याकडं पोट भरलं की ताटावर असे दोन्ही हात आडवे धरतात. ताटात थोडं राहिलं तरी कोणी रागवत नाही." मी हात धरून दाखवले.

श्वेतानं त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईंनी टेबलावर दोन्ही हात पसरून बघितले, अगदी शाळेतल्या पोरीसारखे. मग काहीतरी विचारलं.

"विचारून राहिल्या, हात धरल्यावर वाढणारा थांबतो का?"

आता खोटं कसं बोलू? "नाही," मी म्हटलं. "बोटांच्या फटीतून वाढतो."

हे ऐकून बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग बोट वर करून श्वेताला दोन अटी घातल्या. पळी यापुढे हेल्गाबाईंच्या हातात राहील. आणि फोडणीच्या आधी खिडकी उघडायची, उघडायच्या आधी त्यांना सांगायचं, म्हणजे त्या कोट घालतील.

"अन् किचन?" मी विचारलं.

"राहिलं आजी! पुढच्या रविवारी पाटोडी पाहिजे म्हणतात. एकच ताट!"

त्याला वर्ष झालं. परत येते असं पोरगी एकदाही म्हणाली नाही. आता मीच फोन करते, तर बोलायला वेळ नसतो.

"ठेव आजी, तेल तापलं."

"खिडकी उघडली का वं?"

"हो ना. हेल्गाबाई कोट घालून, पळी घेऊन उभ्याच हायेत."