डावीकडे कोण आहे

माझ्या नवऱ्याच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आला होता, हे तो फुटल्यावर कळलं. गोव्याला ऑपरेशन झालं आणि दीड महिन्याने आम्ही मालवणला घरी आलो. बोलणं शाबूत, थट्टा शाबूत, पण डावी बाजू गायब. डोळे चांगले होते. डावीकडेही काही असतं, हेच मेंदू विसरला होता.

पहिल्याच दुपारी त्यांनी ताटातलं उजवीकडचं तेवढं संपवलं आणि म्हणाले, "सुरमयची एकच तुकडी गो? हात आखडलो काय तुझो?" मी ताट फिरवलं. "आणि ही खंयसून इली?" मला हसू आलं, मग भीती वाटली.

नसत्या चौकशा करायची मला जन्माची खोड. एका सकाळी विचारलं, "जेटीकडसून घराक येताना कोणाकोणाची घरां लागतत?" त्यांनी फक्त उजव्या हाताची घरं सांगितली. पिठाच्या गिरणीवाला, ज्याच्याकडे रोज गप्पा मारायला बसायचे, तो नाहीच! म्हटलं, "आता घराकडसून जेटीकडे चला." तर गिरणीवाल्यापासून दुसरी सगळी रांग घडाघडा, आणि मघाची मंडळी गुल. मी थक्क झाले. दोन दिवस त्यांना बाजारातून, देवळाच्या वाटेवरून असंच मनातल्या मनात जा-ये करायला लावली. शेवटी ते वैतागले, "माका गाईड केलंस काय?"

फिजिओथेरपीवाल्या मुलीने बजावलं होतं, कायम डावीकडूनच बोला. मान आपण होऊन तिकडे वळेपर्यंत त्यांना एकट्याने रस्त्यावर सोडू नका. मी डावीकडून हाक मारायची आणि ते उजवीकडे शोधायचे. "खंय गेलंस गो?" असं दहादा झालं की माझा धीर सुटायचा आणि मी मुकाट उजवीकडे जाऊन बसायची. चुकतंय हे कळत होतं. पण तिथून ते माझ्याकडे बघायचे, आणि मला ते हवं असायचं.

घरी येऊन चार महिने झाले तेव्हा सत्यनारायण घातला. भटजी म्हणाले, "वयनी, पूजेक बायलेन उजवीकडे बसूचा असता." पद्धतच ती: नवरा पाणी सोडणार, बायको त्याच्या हाताला हात लावणार. पाट तसेच मांडलेले. मला काय सुचलं कोण जाणे, माझा पाट उचलून मी डावीकडे टाकला. म्हटलं, "आज देवान सांभाळून घेवचा." भटजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मंत्र सुरू केले.

संकल्पाचं पाणी तळहातावर घेऊन हे थांबले, उजवीकडे बघत. मी हात मुद्दाम मागे ठेवला. पाणी बोटांमधून गळायला लागलं. नणंद काही बोलणार, तेवढ्यात मी तिला खुणेने गप्प केलं. हाक न मारता ते वळतात का, एवढंच मला बघायचं होतं. नसते वळले तर मी काय केलं असतं, ठाऊक नाही.

हळूहळू मान फिरली. चौरंग, समई, माझा गुडघा, साडीचा काठ, आणि मग मी.

"तू हंय कधी इलंस?"

चार महिने झाले, असं म्हणायचं होतं. पण रडूच फुटलं.

"रडतंस कित्याक? हात लाव गो," ते म्हणाले, "भटजी वाट बघतत."