माझंच तोंड बघायचं भाडं

माझी मामी गणवेशांच्या कारखान्यात कापड कापते. लांब टेबलावर कापडाचे पन्नास थर एकावर एक पसरायचे, वर खडूने आखायचं, आणि विजेवरची उभी सुरी त्या थरांतून अशी फिरवायची की सगळ्यात खालची बाही सगळ्यात वरच्या बाहीसारखी निघाली पाहिजे. हात केसभर झुकला तर पन्नास बाह्या वाया. त्यामुळे सुरी चालू असताना ती श्वाससुद्धा बेताने घेते. बाकीच्या वेळी बेताने हा शब्द तिला ठाऊक नाही. कारखान्यात तिला कात्री म्हणतात, तोंडावरच म्हणतात, आणि तिला ते आवडतं असा माझा संशय आहे.

मामा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. निवृत्त झाला, तरी नखांच्या कडेचं काळं ग्रीस अजून गेलेलं नाही. तो दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो. त्या खुर्चीच्या हातांवरचं कापड त्याच्या कोपरांनी झिजून आतला स्पंज दिसायला लागलाय. मामीने ठरवलं तर दहा मिनिटांत ते कापड बदलेल. तिने ठरवलेलं नाही.

ही दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण तिसऱ्याच्या अंगावर. मी गेले की माझ्या अंगावर. ‘तुझ्या मामाला सांग, गॅस संपलाय.’ मामा हातभर अंतरावर. ‘तुझ्या मामीला सांग, मी आंधळा नाही.’ घरात कुणी नसलं की पंख्याला सांगतात, भाजीच्या पिशवीला सांगतात. एकदा मी दाराबाहेर चप्पल काढत होते, तेव्हा मामी कुकरला सांगत होती की काही माणसांना देवाने पाय दिलेत ते फक्त पसरायला.

हे संपाच्या वेळी सुरू झालं. कापणी चुकली की त्या कापडाचे पैसे बायकांच्या पगारातून वळते करायचे, असा कारखान्याने नियम काढला आणि बायका फाटकाबाहेर जाऊन बसल्या. मामाने मामीला जाऊ नको म्हणून बजावलं होतं. ती गेली. फाटकाशी बातम्यांचा कॅमेरा आला तेव्हा सगळ्यांनी तिलाच पुढे ढकललं आणि ती बोलली. मिनिटभरही नसेल. डेपोत कुणीतरी मामाला म्हणालं, बायको टीव्हीवर आणि तू अजून गाडीखाली? तो घरी आला आणि त्याने विचारलं, “झाला का तमाशा करून?” त्या दोघांमधलं ते शेवटचं सरळ वाक्य.

त्या वेळी गच्चीवर डिशची छत्री होती आणि खाली रेकॉर्डिंगवाला बॉक्स. मामीची कामाची पाळी दुपारी सुरू व्हायची ती रात्रीपर्यंत, म्हणून तिच्या मालिका त्या बॉक्समध्ये साठायच्या आणि ती सकाळी चहाबरोबर एकेक भाग बघायची. तिच्या दिवसातला तेवढाच वेळ कुणाच्या मालकीचा नसायचा. त्या संध्याकाळी नेमकं चॅनलने मालिका कापून बातम्या घातल्या. बॉक्सला काय कळतंय, त्याने ठरल्या वेळी जे आलं ते भरून ठेवलं. सकाळी मामीने पुढचा भाग लावला, सासू सुनेला घराबाहेर काढते की नाही ते बघायला बसली, आणि समोर ती स्वतः. विस्कटलेल्या केसांची, मागे फाटक, हातात कुणाचा तरी पाण्याचा तांब्या.

संप मोडला. नियम राहिला. पण ते रेकॉर्डिंगही राहिलं. यादीत त्यावर मालिकेचंच नाव होतं, त्यामुळे शोधणाऱ्यालाच सापडलं असतं. बॉक्स भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, फक्त कुलूप लावलेलं राहतं. मामीने कुलूप लावलं. यादीतलं कुलूप मामाला दिसलं आणि त्याने आपल्या क्रिकेटच्या सामन्यांना कुलपं लावायला सुरुवात केली, ज्यांचे निकाल अख्ख्या जगाला माहीत होते तेसुद्धा. मग मामीने सासूसुनेच्या सगळ्या भागांना लावली. माघार कुणीच घेईना, जागा कुणीच रिकामी करीना. शेवटी बॉक्स काठोकाठ भरला आणि नवीन काही घेईनासा झाला. ज्या यंत्राचं काम रेकॉर्ड करणं, ते त्या घरात नुसतं भरलेलं बसून होतं, आणि त्याचे पैसे दर महिन्याला जात होते.

आणि मग कंपनीचा निरोप आला. असे निरोप वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असतं, कारण मी वाचलं की दोघांनाही एकाच वेळी कळतं. भाषा फार गोड होती. ‘आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी’ जुना बॉक्स महिनाअखेर बंद होणार होता. नवीन बॉक्ससाठी अपग्रेडचे पैसे एकदाच भरायचे होते. इतके दिवस रेकॉर्डिंग पॅकेजमध्येच होतं, आता त्याची दर महिन्याला वेगळी फी, आणि तीही प्रत्येक बॉक्समागे. फी नाही भरली तर समोर चालू असेल तेवढंच दिसेल. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की आधी रेकॉर्ड केलेलंही फी भरल्याशिवाय बघता येणार नाही.

मामीने मला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर. बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगी आली आणि अत्यंत नम्रपणे तेच सगळं पुन्हा म्हणाली. मामीने तिला विचारलं की घरातल्या कपाटाला कुणी महिन्याचे पैसे लावतं का. मुलगी म्हणाली, मॅडम, ती सुविधा आहे.

“सुविधा नको मला. जे आत भरलंय ते बघायचंय.”

“त्यालाही फी आहे, मॅडम.”

“अगं, त्यात मी आहे. मी स्वतः. माझंच तोंड बघायला मी तुम्हाला दर महिन्याला भाडं भरू?”

 त्या मुलीच्या समोरच्या कागदावर याला उत्तर नसणार. मग तिने विचारलं की ती आणखी काही मदत करू शकते का.

मामा खुर्चीतून पंख्याला म्हणाला, “फुकट दाखवलं तरी कोण बघणार?”

मी मामीला म्हटलं, एवढंच आहे ना, टीव्हीवर लाव, मी मोबाईलवर घेते. तिला ते अजिबात पटलं नाही. टीव्हीसमोर मोबाईल धरून काढलेलं म्हणजे आरशातल्या माणसाचा फोटो, असं तिचं म्हणणं. शिवाय मोबाईल हरवतात, पाण्यात पडतात, आणि तुम्हा पोरींचे तर दरवर्षी बदलतात. तिला ते जसंच्या तसं हवं होतं, मोठ्या पडद्यावर, यादीत आपल्या जागी. ती कोपऱ्यावरच्या डिशच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, होऊन जाईल ताई, नवीन बॉक्स घ्या, जुन्यातलं सगळं आत येईल, आमचा माणूस करून देईल. मामीने ओव्हरटाइमचे पैसे त्याच्यासमोर ठेवले आणि अपग्रेड नोंदवून आली. घरात कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार?

त्याच आठवड्यात मामाने पेपरातून आलेल्या कंपनीच्या पत्रकावरच्या नंबरवर फोन करून स्वतःचं अपग्रेड नोंदवलं. नवीन बॉक्स एका वेळी चार चॅनल रेकॉर्ड करतो असं त्यात लिहिलं होतं. त्यानेही कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात जेवताना एकाने दुसऱ्याला म्हटलं असतं, अगं, मी ते डिशचं केलं बरं का. एवढ्या एका वाक्यात भागलं असतं. कंपनीला मात्र एकाच घरातून दोन अपग्रेड आली याचं काही नवल वाटलं नाही. तिने दोन्ही घेतली आणि दोन्हीवर वर्षाचा करार लावला.

डिशवाला आला तो दोन खोकी घेऊन. मामीने सांगितल्यामुळे मी त्या दिवशी तिथेच होते, जुन्यातलं नव्यात नीट येतंय ना हे बघायला. त्याने दारात उभं राहूनच मोबाईलवर दोन्ही खोक्यांचे नंबर टाकले आणि विचारलं, दुसरा टीव्ही कुठल्या खोलीत? मामा म्हणाला, दुसरा कशाला? मामी म्हणाली, एकच मागवलाय. मग दोघांनीही त्या खोक्यांकडे बघितलं, आणि दोघांनाही एकदमच कळलं. एखाद्या बऱ्या जोडप्याला हसू फुटलं असतं.

“याला विचार,” मामा मला म्हणाला, “एक परत घेतील का.”

त्या माणसाने सांगितलं की घेतील, पण करार मोडल्याचे पैसे लागतील, आणि ते वर्षभराच्या फीपेक्षा जास्त होतील. हे त्याने इतक्या निर्विकारपणे सांगितलं की दिवसातून पाच वेळा सांगत असावा.

मामीला त्या हिशोबात रस नव्हता. तिने त्याला जुना बॉक्स दाखवला आणि म्हणाली, यातलं त्यात करा. तो हसला. दुकानदाराला काय, तो विकणारच, म्हणाला. आतली डिस्क फक्त याच बॉक्सला ओळखते, दुसरीकडे लावली तर नुसती वीट. आणि हा बॉक्स त्याला परत न्यायचा होता. मामी म्हणाली, महिनाअखेरपर्यंत चालेल असं लिहिलंय. तो म्हणाला, ते अपग्रेड न करणाऱ्यांसाठी. तुमचं आता नोंदवून झालं. नवीन सुरू झाला की जुना बंद. आता होईल, नाहीतर थोड्या वेळाने, कंपनीच्या मर्जीवर.

मामीच्या चेहऱ्यावर मी असा घाबरा भाव कधी पाहिला नव्हता. तिने रिमोट उचलला. यादी लांबच लांब होती, सगळीकडे कुलपं. ती खाली खाली गेली. मला म्हणाली, “काढ तुझा मोबाईल.”

मामाची खुर्ची टीव्हीला लागूनच. “तुझ्या मामाला सांग, जरा आत जा म्हणावं.”

“तुझ्या मामीला सांग, अर्ध्या टीव्हीचे पैसे मी भरलेत.”

तो हलला नाही. वेळ नव्हता. मामीने बटण दाबलं, मी मोबाईल धरला. पडद्यावर मालिकेचं नाव आलं, मग बातम्यांची पट्टी, मग फाटक, मग ती. आतापेक्षा बारीक, उन्हाने डोळे मिचकावत. तिने तोंड उघडलं आणि खुर्चीतून मामाचा आवाज आला.

तो तिच्या आवाजात बोलत होता, बारीक, किरकिऱ्या आवाजात, आणि तिच्यापेक्षा अर्धा शब्द पुढे. “सुरी चुकली की पन्नास शर्ट वाया जातात,” तो म्हणाला, आणि मागोमाग पडद्यावरची मामी तेच म्हणाली. “ते आमच्या पगारातून जातात. बरं.” इथे ती खोकली होती. मामा तिच्या आधी खोकला. “मग साहेब चुकतो तेव्हा कुणाच्या पगारातून जातं?” पडद्यावर बायकांनी गलका केला, मामाने तोही तोंडाने काढला. डिशवाला मोठ्याने हसला.

मामीने मामाकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, “पुन्हा घे.”

तिने बटण दाबलं. पडदा निळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं आली की या बॉक्सची सेवा समाप्त झाली आहे, आपण आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभारी आहोत. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच आभार. डिशवाल्याने वाकून मागची वायर काढली आणि बॉक्स काखेत घेतला.

तेव्हा मामी वळली आणि इतक्या वर्षांनी सरळ मामाशी बोलली, मध्ये कुणालाही न घेता. आवाज चढवला नाही. सुरी चालवताना असतो तसा तिचा श्वास होता.

“या घरात एवढं एकच माझं होतं. त्यातही तू घुसलास.”

मामाच्या ओठांवरचं हसू तिथेच राहिलं, त्याचं काय करायचं ते त्याला कळेना. त्याने पंख्याकडे पाहिलं. 

आता त्या घरात दोन बॉक्स आहेत. मामाचा बाहेर, मामीचा आतल्या खोलीत, त्यासाठी हप्त्यावर घेतलेल्या छोट्या टीव्हीला जोडलेला. दोन्हींची रेकॉर्डिंग फी दर महिन्याला जाते. माझ्या मोबाईलमधलं मी तिच्या मोबाईलवर पाठवलं. त्याआधी एका ओळखीच्या साउंडवाल्याकडे मामाचा आवाज काढून टाकता येईल का म्हणून गेले होते. त्याने ऐकून मान हलवली. दोन आवाज इतके एकात एक गेलेत की एक काढायचा तर दुसराही निघेल, म्हणाला.

मामीने ते कारखान्यात डब्याच्या सुट्टीत बायकांना दाखवलं. त्यातल्या निम्म्या संपानंतर लागलेल्या, त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. एकीने विचारलं, हा मागे कोण गं, तुझं बोलणं तुझ्याआधी बोलतोय?

“भाडेकरू आहे आमच्याकडे,” मामी म्हणाली.

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, भाडेकरूला बरं पाठ आहे सगळं, खोकल्यासकट. किती वेळा बघितलं असेल त्याने?

हे सगळं मामीनेच मला सांगितलं. आणि सांगता सांगता एकदम माझ्यावरच उखडली, की मोबाईल जरा वर, टीव्हीच्या जवळ धरला असतास, तर त्याचा आवाज एवढा आला नसता.