अनंतकाकांचा ळ

“काय अनंतकाका, या वयात कॉपी? तिच्या कव्हरवरनंच ढापलंत ना हे अक्षर?”

वाडीच्या तोंडाशी, फळ्यापुढे उभा राहून सुधीरदादा हसत होता. मी जिन्यात चपला घालत होते — म्हणजे घालून झाल्या होत्या, तरी वाकून राहिले. काकांनी हातातला खडू फिरवला. “असेल रे,” ते म्हणाले, “बघून बघून हाताला सवय लागली असेल.”

यापुढचं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बँडमधल्या मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

गिरगावातल्या आमच्या वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पण पाणी कधी जाणार, कुणाकडे सत्यनारायण, कोण गेलं — हे आधी फळ्यावर येतं. लिहितात अनंतकाका. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, अक्षर कुठेही न शिकलेले. त्यांचा ळ बघायला हवा. डावा गोल मोठा, उजवा छोटा आणि जरासा वर — मोठ्या बहिणीने धाकटीला कडेवर घ्यावं तसा. दुसऱ्या सकाळी ते ओल्या फडक्याने सगळं पुसून टाकतात.

पुसून टाकतात — हे माझ्या फार सोयीचं होतं.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजातल्या मित्रांच्या बँडने मला अल्बमचं कव्हर करायला सांगितलं. अल्बमचं नाव ‘तळमजला’. मी डिझायनर आहे, पण शाळा इंग्रजी. माझं मराठी अक्षर तिसरीतल्या मुलीचं. फॉण्ट लावून पाहिले, सगळे सरकारी फॉर्मसारखे दिसत होते. मग मी रोज फळ्याचे फोटो काढायला लागले. त मिळाला, ळ मिळाला, म मिळाला, ला मिळाला. ज काही मनासारखा येईना. आणि दुसऱ्या मजल्यावरचे जयंतकाका गेले. निधनाच्या सूचनेत, अगदी सुरुवातीला — मोठा, देखणा ज. वरून रडणं ऐकू येत होतं. आणि मला काय वाटलं, सांगू? मिळाला. मी तिथे उभी राहून तीन फोटो काढले. झूम करून.



ती अक्षरं मी कॉम्प्युटरवर जशीच्या तशी गिरवली. खडूची धूळ तेवढी साफ केली. कव्हर गाजलं. टी-शर्टवर आलं, दादरला भिंतींवर पोस्टरं लागली. लोअर परळला अल्बमच्या कार्यक्रमात एकीने माईक पुढे करून विचारलं, अक्षरं कुणाची? माझी, मी म्हटलं. हाताने काढलीत. लहानपणापासून आमच्या वाडीत असं अक्षर बघत आले, असंही म्हटलं — म्हणजे खोट्याला खऱ्याची फोडणी. किळस येते ना? मला येते. एरवी वाण्याशी बोलतानाही माझी जीभ अडखळते. त्या दिवशी, इंग्रजीत, एकदाही अडखळली नाही.

वाडीत काका सगळ्यांना मोबाइलवर ते कव्हर दाखवत फिरले. आपल्या पोरीचं काम, म्हणून. माणसाला स्वतःचं अक्षर ओळखू येत नाही का? की आलं होतं? मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती असं लिहिणार होते — पण हिंमतीचा प्रश्नच नव्हता. मला ते कौतुक हवं होतं.

सुधीरदादा बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर टाकी धुण्याची सूचना होती. ‘सकाळी पाणी येणार नाही.’ सकाळीतला ळ — दोन्ही गोल अगदी सारखे. बालभारतीतले. भोवती पुसल्याचा पांढरट डाग. दोन-तीनदा काढून पाहिला असावा. रेघ थरथरलेली.

काका बाजूलाच उभे होते. बोटं खडूने माखलेली.

“तू यातलं शिकलीयेस, बाळ. सांग, असा बरा दिसतो ना? उगाच लोकांना वाटायला नको, मी तुझी नक्कल करतोय.”

आजूबाजूला कुणी नव्हतं. कुणाला घाई नव्हती. ते माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट पाहत — खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखे. मी तोंड उघडलं.

“हो काका,” मी म्हणाले, “हाच जास्त छान दिसतो.”